वाहत्या मजकुराचा संपादक

ऑक्टोबर १७८७ मध्ये न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रांत ‘पब्लियस’ या टोपणनावानं एक लेखमाला सुरू झाली. अमेरिकेची नवी राज्यघटना मंजूर करावी, हे न्यूयॉर्कच्या लोकांच्या गळी उतरवणं हा तिचा हेतू. वर्ष उलटायच्या आत ८५ लेख लिहून झाले. त्या नावाआड अलेक्झांडर हॅमिल्टन, जेम्स मॅडिसन आणि जॉन जे असे तिघं होते. कोणता लेख कोणाचा, हे मात्र त्यांनी तेव्हा उघड केलं नाही. १८०४ मध्ये हॅमिल्टन द्वंद्वयुद्धात मारले गेले. त्यांनी मागे ठेवलेली यादी आणि मॅडिसन यांनी पुढे केलेला दावा यांचा मेळ बसेना. बारा लेखांवर दोघांचाही हक्क सांगितला जाऊ लागला. ज्ञानेश्वरी लिहिणारे ज्ञानदेव आणि अभंग रचणारे ज्ञानदेव एकच की दोन, या आपल्याकडच्या वादात जसे भाषेचेच दाखले पुढे केले गेले, तसाच हाही वाद शैलीच्या आधारानं दीडशे वर्षं रेंगाळला.

१९६४ मध्ये फ्रेडरिक मोस्टेलर आणि डेव्हिड वॉलेस या दोन संख्याशास्त्रज्ञांनी त्यावर एक पुस्तक प्रसिद्ध केलं. लेखांतल्या विचारांची, अलंकारांची तुलना त्यांनी केलीच नाही. ज्यांच्याकडे लेखकाचं स्वतःचंही लक्ष नसतं असे किरकोळ शब्द त्यांनी मोजले. हॅमिल्टन ‘अपॉन’ हा शब्द सढळ हातानं वापरतात, मॅडिसन क्वचितच. हॅमिल्टन जिथे ‘व्हाइल’ लिहितात तिथे मॅडिसन यांच्या लेखणीतून ‘व्हाइल्स्ट’ उतरतं. अशा शब्दांच्या हिशेबावरून वादातले लेख मॅडिसन यांचेच असावेत, असा कौल त्यांनी दिला.

याच लेखमालेवर १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला बेल लॅबोरेटरीजच्या ली मॅकमहन यांची नजर गेली. न्यू जर्सीतल्या मरे हिल इथे बेल टेलिफोन कंपनीची ही संशोधनसंस्था. मॅकमहन यांचा जन्म १९३१ चा. शिक्षणानं ते मानसशास्त्रज्ञ. माणसं भाषा कशी वापरतात हा त्यांच्या आवडीचा विषय, आणि शेजारच्याच खोल्यांमध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची ‘युनिक्स’ ही संगणक चालवणारी यंत्रणा घडवत होते. आज जगभरातले प्रोग्रॅमर आणि सर्व्हर सांभाळणारे लोक हजारो फाइलींमधला मजकूर एका ओळीच्या आज्ञेनं बदलतात, ती ‘सेड’ नावाची आज्ञा या मानसशास्त्रज्ञाची. युनिक्सच्या इतिहासात थॉम्प्सन आणि रिची यांचा गौरव होतो, तो व्हायलाच हवा. पण मॅकमहन यांचं नाव सेड रोज वापरणाऱ्यांनाही बहुधा ठाऊक नसतं. मला ही गोष्ट खटकते. कारण कोण्या अभियंत्याला यंत्र सुधारायचं होतं म्हणून हे साधन जन्मलं नाही. जुना मजकूर बारकाईनं वाचू पाहणाऱ्या माणसांच्या अडचणीतून ते वाढलं.

अडचण काय होती, हे कळण्यासाठी थोडं मागे जायला हवं.

१९६९ च्या वसंतात बेल लॅब्सनं ‘मल्टिक्स’ या अवाढव्य यंत्रणेच्या प्रकल्पातून अंग काढून घेतलं. एमआयटी आणि जनरल इलेक्ट्रिक यांच्यासोबत चाललेलं ते काम हाताबाहेर गेलं होतं. थॉम्प्सन यांच्यापाशी उरला पीडीपी-७ नावाचा एक जुना, फारसा कोणी न वापरणारा लहान संगणक. त्या उन्हाळ्यात पत्नी मुलाला घेऊन महिनाभर कॅलिफोर्नियाला गेली, तेवढ्या मुदतीत त्यांनी युनिक्सचा पाया घातला: एक आठवडा यंत्रणेच्या गाभ्याला, एक वापरणाऱ्याच्या आज्ञा वाचणाऱ्या शेलला, एक प्रोग्रॅम यंत्रभाषेत आणणाऱ्या असेम्ब्लरला आणि एक संपादकाला. चार आठवड्यांतला एक आठवडा संपादकासाठी राखून ठेवावासा वाटला, यावरून मजकूर दुरुस्त करण्याच्या कामाचं त्यांच्या लेखी असलेलं वजन कळतं. त्या संपादकाचं नाव ‘एड’.

एड समजून घ्यायचा तर डोळ्यांपुढून पडदा काढून टाकावा लागतो. तेव्हा पडदाच नव्हता. ‘टेलिटाइप मॉडेल ३३’ नावाचं खडखडणारं टंकयंत्र संगणकाला जोडलेलं असे. कागदाच्या रिळावर ते सेकंदाला दहा अक्षरं छापत असे, तीही फक्त मोठ्या लिपीतली. साठ-सत्तर अक्षरांची एक ओळ उमटायला सहा-सात सेकंद लागत. अशा यंत्रावर मजकूर पुन्हा पुन्हा दाखवणारा संपादक म्हणजे शिक्षाच झाली असती. म्हणून एड गप्प असतो. ओळ दाखव म्हटल्याशिवाय दाखवत नाही, काम फत्ते झालं तरी काही बोलत नाही, आणि चूक झाली तर एक प्रश्नचिन्ह छापून मोकळा होतो. त्याच्या आज्ञाही एकेका अक्षराच्या: छापायचं तर ‘पी’, खोडायचं तर ‘डी’, एका शब्दाच्या जागी दुसरा घालायचा तर ‘एस’. अक्षरं टंकायला वेळ लागतो, म्हणून आज्ञा आखूड.

एडची खरी ताकद त्याच्या शोधण्यात होती, आणि तिचं मूळ शोधायला गेलं तर आपण संगणकशास्त्राच्या बाहेर जाऊन पोचतो. १९४३ मध्ये वॉरन मॅककलक आणि वॉल्टर पिट्स यांनी मेंदूतल्या चेतापेशींच्या जाळ्याचं एक गणिती प्रारूप मांडलं. असं जाळं नेमक्या कोणत्या घटनामालिका ओळखू शकेल, हा प्रश्न तर्कशास्त्रज्ञ स्टीफन क्लीनी यांनी १९५१ मध्ये रँड कॉर्पोरेशनसाठी केलेल्या टिपणात हाती घेतला आणि त्या मालिका लिहिण्याची एक चिन्हपद्धती बनवली. ‘हे चिन्ह शून्य किंवा कितीही वेळा येऊ शकेल’ असं सांगणारा तारा त्याच पद्धतीतला. थॉम्प्सन यांनी ती कल्पना मजकुरात शोध घेण्यासाठी वापरली. बर्कलीत शिकत असताना ‘क्यूईडी’ हा संपादक त्यांच्या परिचयाचा झाला होता. बटलर लॅम्पसन आणि पीटर डॉइच यांनी तो बनवला होता. बेल लॅब्समध्ये आल्यावर थॉम्प्सन यांनी स्वतःचा क्यूईडी लिहिला आणि त्यात क्लीनी यांचे नमुने बसवले. वापरणाऱ्यानं नमुना दिला की तत्क्षणी त्याचं यंत्रभाषेत रूपांतर व्हायचं आणि मजकुराच्या अक्षराअक्षरावर तो पडताळला जायचा. १९६८ च्या जूनमध्ये त्यांनी ही रीत छापूनही आणली. ‘रेग्युलर एक्स्प्रेशन’ म्हणून ओळखली जाणारी ही नमुन्यांची भाषा अशा रीतीनं चेतापेशींच्या अभ्यासातून निघून संपादकात आली. एडमध्ये थॉम्प्सन यांनी तिचं बरंचसं अंग छाटलं, कारण यंत्र लहान होतं. बिंदू म्हणजे कोणतंही एक अक्षर, तारा म्हणजे कितीही वेळा, टोपीसारखं चिन्ह म्हणजे ओळीची सुरुवात, डॉलर म्हणजे ओळीचा शेवट. एवढ्यावरही पुष्कळ काम भागत असे.

यंत्र किती लहान? १९७१ च्या सुमारास बेल लॅब्सच्या पेटंट विभागातले टंकलेखक ज्या पीडीपी-११ वर अर्ज टाइप करत, त्याची स्मृती २४ किलोबाइटची होती. त्यातले १६ यंत्रणेला, ८ वापरणाऱ्यांच्या प्रोग्रॅमना. डिस्क ५१२ किलोबाइटची. ‘पब्लियस’चे ८५ लेख मिळून दहा लाखांहून अधिक अक्षरं भरतात, त्या अख्ख्या डिस्कवर त्यातला अर्धा भागही मावला नसता. टेलिटाइपवर ते छापून काढायला २८ तासांहून अधिक लागले असते. पुढच्या दोन वर्षांत यंत्रं बदलली, डिस्क मोठी झाली. पण १६ बिटांच्या पत्त्यांमुळे एका प्रोग्रॅमला एका वेळी ६४ किलोबाइटइतकीच माहिती हाताशी धरता येई, आणि एड तर फाइल उघडल्याबरोबर सगळीच्या सगळी ताब्यात घेतो. मजकूर तात्पुरत्या फाइलीत उतरवून प्रत्येक ओळीचा ठावठिकाणा तो स्मृतीत मांडून ठेवतो. ‘पब्लियस’ त्याला पेलवेना.

बेल लॅब्समधलेच ब्रायन कर्निगन सांगतात ती हकिगत अशी: मॅकमहन यांना या लेखांमध्ये विशिष्ट शब्द असलेल्या ओळी शोधायच्या होत्या. एडमध्ये त्यासाठी आज्ञा होती. आधी ‘जी’, म्हणजे सर्वत्र. मग दोन तिरक्या रेघांमध्ये शोधायचा नमुना, म्हणजे ‘आरई’. शेवटी ‘पी’, म्हणजे छाप. पण फाइलच उघडत नव्हती. तेव्हा थॉम्प्सन यांनी एडमधला शोधाचा भाग बाहेर काढून रातोरात एक स्वतंत्र प्रोग्रॅम केला. तो फाइल ताब्यात घेत नाही. एक ओळ वाचतो, नमुना जुळला तर छापतो, ती ओळ टाकून देतो आणि पुढची वाचतो. एडच्या आज्ञेतलीच अक्षरं जोडून त्याचं नाव पडलं ‘ग्रेप’. या गोष्टीला दुसरीही एक बाजू आहे. थॉम्प्सन यांनी पुढे सांगितलं, की असा प्रोग्रॅम त्यांच्या खासगी वापरात आधीपासूनच होता. बेल लॅब्समधलेच सहकारी डग मॅकिलरॉय यांनी तसं काहीतरी मागितल्यावर त्यांनी तो थोडा साफसूफ करून दिला. दोन्ही आठवणी खऱ्या असायला हरकत नाही. तीन-चार खोल्यांतली माणसं रोज एकमेकांना काहीतरी मागत होती, देत होती. पहिली मागणी कोणाची, याची नोंद कोण ठेवणार?

त्याच सुमारास युनिक्समध्ये आणखी एक गोष्ट घडली होती. मॅकिलरॉय १९६४ पासून म्हणत होते, की प्रोग्रॅम एकमेकांना बागेतल्या नळ्यांसारखे जोडता आले पाहिजेत. थॉम्प्सन यांनी ती सोय, म्हणजे ‘पाइप’, अखेर एका रात्रीत करून टाकली. १९७३ च्या फेब्रुवारीतल्या माहितीपुस्तिकेत ती दिसते. एका प्रोग्रॅमचं उत्तर सरळ दुसऱ्याच्या तोंडात. मग सगळ्यांना एकच ध्यास लागला: आपापले प्रोग्रॅम या नळीत बसतील असे करायचे. ग्रेप नळीत छान बसला. एड बसणं शक्यच नव्हतं, कारण त्याला फाइल हातात धरून बसलेला माणूस लागे.

ग्रेपनं ओळी सापडत होत्या, पण बदलत नव्हत्या. तेव्हा मॅकमहन यांनी एडची शब्द बदलण्याची ‘एस’ आज्ञा उचलून ग्रेपच्याच धर्तीवर तिचा प्रोग्रॅम केला. त्याचं नाव ‘ग्रेस’. इथे थांबणं सोपं होतं. पुढे कोणाला ओळी खोडायच्या असत्या तर त्यानं खोडण्याचा प्रोग्रॅम केला असता, कोणाला ओळी घालायच्या असत्या तर घालण्याचा. मॅकमहन यांच्या लक्षात आलं, की हे लटांबर असंच वाढत जाणार. त्यापेक्षा एडच्या जवळपास सगळ्याच आज्ञा वाहत्या मजकुरावर चालवणारा एकच संपादक लिहावा. १९७३-७४ मध्ये त्यांनी तो लिहिला. ‘स्ट्रीम एडिटर’ या नावातून ‘सेड’ झालं.

ऐकायला हे एडचं रूपांतर वाटतं. पण आज्ञा त्याच ठेवून मॅकमहन यांनी कामाची रीत उलटी केली, आणि मला त्यांची बुद्धी इथे सर्वांत जास्त दिसते. एडमध्ये मजकूर जागच्या जागी बसलेला असतो आणि एकेक आज्ञा सगळ्या मजकुरावरून फिरते. पंगतीत मीठ वाढणारा शेवटच्या पानापर्यंत जाऊन येतो, मग चटणीवाला निघतो, मग भातवाला, तसं. सेडमध्ये वाढपी ओळीनं उभे असतात आणि पान त्यांच्यासमोरून सरकतं. एक ओळ आत येते, यादीतल्या सगळ्या आज्ञा क्रमानं तिच्यावर चालतात, ती बाहेर पडते, आणि मगच दुसरी येते. त्यामुळे मजकूर किती लांब आहे याची यंत्राला फिकीरच उरत नाही. दहा ओळी असोत की दहा लाख, स्मृतीत एका वेळी एकच.

या उलटण्याची किंमतही होती. गेलेली ओळ परत येत नाही. पुढची ओळ काय आहे हे ठाऊक नसतं. ‘शेवटची ओळ’ एवढं साधं विशेषण लावायचं तरी सेडला एक ओळ पुढे डोकावून पाहावं लागतं. एरवी हीच शेवटची हे कळणार कसं? या अडचणीवर मॅकमहन यांनी दिलेलं उत्तर अगदी काटकसरीचं आहे. चालू ओळ जिथे असते त्या जागेशेजारी त्यांनी आणखी एक राखीव जागा ठेवली. चालू ओळ तिथे नेऊन ठेवता येते, तिच्यामागे दुसरी जोडता येते, तिथली परत आणता येते, दोन्हींची अदलाबदल करता येते. शिवाय पुढची ओळ चालू ओळीला जोडून घेण्याची एक आज्ञा. शिवाय यादीतल्या एखाद्या खुणेकडे उडी मारण्याची सोय, आणि ‘बदल झाला असेल तरच उडी मार’ अशी अट. बस, एवढंच. किमती साठवणारे चल (व्हेरिएबल) नाहीत, अंकगणित नाही. तरीही या तुटपुंज्या सामग्रीवर कोणतीही गणनप्रक्रिया चालवता येते. क्रिस्तोफ ब्लेस यांनी सेडमध्ये ट्युरिंग यंत्र, म्हणजे गणनेचं मूळ गणिती प्रारूप, लिहून हे दाखवलं; ग्रेग उबेन यांनी तर युनिक्सवरचा हवी तितकी अचूकता देणारा गणकयंत्र-प्रोग्रॅम पुरता सेडमध्ये उतरवला. बेरीज न येणाऱ्या भाषेत लिहिलेलं गणकयंत्र! अशा कामांना काहीजण निव्वळ कसरत म्हणतात. मला त्यात मॅकमहन यांच्या निवडीची पारख झालेली दिसते.

१५ ऑगस्ट १९७८ या तारखेचं मॅकमहन यांचं सेडवरचं टिपण उपलब्ध आहे, आणि तांत्रिक लेखन कसं असावं याचा तो एक उत्तम नमुना आहे. सेड कधी वापरावा, हे ते आरंभीच स्पष्ट करतात: फाइल समोर बसून दुरुस्त करण्याच्या मानानं फार मोठी असेल तेव्हा, आज्ञांचा क्रम हातानं टंकायला फार गुंतागुंतीचा असेल तेव्हा, आणि मजकूरभर करायचे अनेक बदल एकाच फेरीत उरकायचे असतील तेव्हा. एडमध्ये मुरलेल्या लोकांनी टिपण न वाचता सेडला हात घातला तर ते चकित होतील आणि बहुधा चरफडतील, असा इशाराही ते देतात. आणि उदाहरणांसाठी मजकूर कोणता घेतला? पगारपत्रक नाही, मालाची यादी नाही. सॅम्युअल टेलर कोलरिज यांच्या ‘कुब्ला खान’ या कवितेच्या पहिल्या पाच ओळी. टिपणभर त्याच पाच ओळी कधी खोडल्या जातात, कधी त्यांत नव्या घातल्या जातात, कधी त्यांतले शब्द बदलतात. त्याच वर्षी बेल कंपनीच्या तांत्रिक नियतकालिकात मॅकमहन, लॉरिंडा चेरी आणि रॉबर्ट मॉरिस यांचा मजकुराच्या संख्याशास्त्रीय अभ्यासावरचा लेख आला. शब्दमोजणी, अक्षरांच्या जोड्या, टंकनदोष हुडकणं असे त्याचे विषय. सेड लिहिणाऱ्याचं चित्त कुठे होतं, हे या दोन कागदांवरून कळतं.

जानेवारी १९७९ मध्ये युनिक्सची सातवी आवृत्ती बाहेर पडली आणि तिच्यासोबत सेड बेल लॅब्सच्या भिंतींपलीकडे गेला. १९५६ च्या न्यायालयीन समझोत्यानं बेलच्या मालक कंपनीला टेलिफोनखेरीज दुसऱ्या धंद्यात शिरायला बंदी होती. त्यामुळे युनिक्स विद्यापीठांना अगदी माफक शुल्कात, मूळ प्रोग्रॅमसकट मिळत असे. विद्यार्थ्यांनी तो वाचला, मोडला, वाढवला. पुढे कायद्याचं वारं फिरलं, कंपनीच्या मालकीच्या ओळी वापरणं अवघड झालं, तेव्हा लोकांनी सेड नव्यानं लिहिला. बर्कलीच्या युनिक्ससाठी लंडनच्या इंपीरियल कॉलेजातल्या डायोमिडिस स्पिनेलिस यांनी १९९२ मध्ये लिहिलेला सेड आजच्या मॅकवरल्या सेडचा पूर्वज. लिनक्सवर चालतो तो मुक्त सॉफ्टवेअरच्या ग्नू प्रकल्पाचा. मॅकमहन तोवर हयात नव्हते. १९८९ मध्ये त्यांचं निधन झालं.

मधल्या काळात सेडपेक्षा सोयीची साधनं आली. १९७७ मध्ये आहो, वाइनबर्गर आणि कर्निगन यांनी ‘ऑक’ ही भाषा बनवली. तिला अंकगणित येत होतं, ओळीतले रकाने कळत होते. १९८७ मध्ये लॅरी वॉल यांची ‘पर्ल’ ही भाषा आली आणि तिनं ग्रेप, सेड, ऑक या सगळ्यांना पोटात घेतलं. सेड मागे पडायला हवा होता. पडला नाही, कारण बारीकसारीक बदलांसाठी त्याच्याइतकं आटोपशीर काही नाही. जुन्या छापील मजकुरातलं ‘पुणें’ आजच्या लेखनानुसार ‘पुणे’ करायचं तर ‘एस/पुणें/पुणे/जी’ एवढी आज्ञा पुरते. शेवटचा ‘जी’ म्हणजे ओळीत जितक्या वेळा आढळेल तितक्या वेळा. शिवाय सेड सगळीकडे असतोच, या खात्रीवर दुसरी साधनं उभी राहिली. १९९१ मध्ये सुरू झालेल्या ग्नू ऑटोकॉन्फनं मुक्त सॉफ्टवेअर निरनिराळ्या यंत्रांवर बसवण्याची जी पद्धत रूढ केली, तिच्यात साच्यातल्या रिकाम्या जागी खऱ्या किमती भरण्याच्या कामात सेडचा हात असतो. वापरणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो.

एका बाबतीत मात्र लोकांनी मॅकमहन यांच्या रचनेला मुरड घातली. त्यांचा सेड मूळ फाइलीला कधीच हात लावत नाही. बदललेला मजकूर बाहेर सोडतो, तो कुठे न्यायचा ते तुम्ही ठरवा. अनेकजण घाईत तो त्याच फाइलीकडे वळवतात आणि फाइल गमावतात: सेडनं पहिली ओळ वाचण्याआधीच शेलनं लिहिण्यासाठी ती फाइल रिकामी केलेली असते. २००२ च्या ग्नू सेड ४.० मध्ये म्हणून ‘आय’ हा पर्याय आला, मूळ फाइलच बदलणारा. आतून तो नवी फाइल लिहून तिला जुनीचं नाव देतो, म्हणजे प्रवाहाचा नियम तिथेही मोडत नाही. सोय मोठी आहे. तरी मला मूळची रीतच अधिक प्रिय आहे. मूळ प्रत जशीच्या तशी राखून दुरुस्त पाठ वेगळा सिद्ध करावा, ही हस्तलिखितांवर काम करणाऱ्यांची शिस्त मॅकमहन यांच्या सेडमध्ये आपोआप पाळली जाई.

हा सगळा व्यवहार रोमन अक्षरांचा. देवनागरीचं काय? इथे थॉम्प्सन पुन्हा येतात. सप्टेंबर १९९२ मध्ये न्यू जर्सीतल्या एका उपाहारगृहात, बेल लॅब्समधले सहकारी रॉब पाइक यांच्यासोबत जेवताना, टेबलावरच्या कागदी पट्टीवर त्यांनी ‘यूटीएफ-८’ची मांडणी केली. युनिकोडमधलं कोणत्याही लिपीचं अक्षर बाइटांत कसं लिहायचं, याची ती रीत. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तिच्यात तीन बाइट घेतं, आणि त्या तिन्हींपैकी एकही बाइट रोमन अक्षराशी, तिरक्या रेघेशी किंवा ओळ संपल्याच्या खुणेशी जुळणारा नसतो. त्यामुळे देवनागरीचं नावही न ऐकलेला जुन्या धाटणीचा सेडसुद्धा ‘पुणें’चं ‘पुणे’ बिनचूक करू शकतो. त्याच्या दृष्टीनं ती फक्त बाइटांची अदलाबदल. अडचण येते ती बिंदू वापरताना. बाइट मोजणाऱ्या सेडला ‘कोणतंही एक अक्षर’ म्हणजे ‘क’चा तिसरा हिस्सा वाटतो. युनिकोड जाणणाऱ्या सेडला पूर्ण ‘क’ कळतो, पण ‘कि’ मात्र दोन चिन्हं वाटतात: क आणि वेलांटी.

आणि वेलांटीचाच प्रश्न मराठीत मोठा आहे. १९९० च्या दशकात मराठी पुस्तकं आणि वर्तमानपत्रं ज्या फॉन्टांत जुळवली गेली, त्यांत अक्षराचा उच्चार साठवलेला नसून त्याचं चित्र साठवलेलं असे. कृतिदेवसारख्या फॉन्टात पहिली वेलांटी डोळ्याला दिसते तशी व्यंजनाच्या आधी टंकलेली असते, युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर येते. रफाराचं उलटं: ‘शर्मा’ लिहिताना जुन्या फाइलीत तो कान्याच्याही नंतर सापडतो, युनिकोडमध्ये त्याची जागा ‘म’च्या आधी. या मजकुरांचा आजच्या लिपीत उद्धार करायचा तर आधी चिन्हामागे चिन्ह बदलून घ्यावं लागतं आणि मग जागा बदलाव्या लागतात. नमुन्यातला काही भाग कंसात धरून तो दुसऱ्या जागी ठेवण्याची सोय सेडमध्ये आहे, आणि या कामाला ती अगदी नेमकी लागू पडते. ‘वेलांटी, मग एक व्यंजन’ असा नमुना द्यायचा आणि उत्तरात व्यंजन आधी, वेलांटी मागे.

‘किती’ला एवढं पुरतं. ‘स्त्रियां’ना पुरत नाही, कारण तिथे वेलांटीला तीन व्यंजनांचं जोडाक्षर ओलांडायचं असतं. मग नमुना असा होतो: वेलांटी, मग ‘व्यंजन आणि पायमोड’ ही जोडी शून्य किंवा कितीही वेळा, मग एक पूर्ण व्यंजन. ‘शून्य किंवा कितीही वेळा’ हे सांगायला तिथे क्लीनी यांचा १९५१ चा तारा येतो. आजच्या सेडमध्ये तो अशा अख्ख्या जोडीला लावता येतो. ‘आर्थिक’सारख्या शब्दात दोन्ही प्रश्न एकदम उभे राहतात. जुन्या फाइलीत आधी आ, मग वेलांटी, मग थ, मग रफार, मग क. पहिला नियम वेलांटीला थ च्या मागे नेतो. दुसरा नियम रफाराला त्या दोघांच्या आधी आणतो. दोन्ही नियम एकाखाली एक लिहून ठेवायचे, आणि १९९५ साली जुळवलेली सबंध कादंबरी ओळीमागून ओळ त्यांच्यासमोरून सोडायची.